चौदा तासांची खुर्ची

खुर्ची बघितली की नाना आधी तिचे तास सांगायचे. दवाखान्याबाहेरचं बाकडं म्हणजे अर्धा तास. सलूनमधली खुर्ची पाऊण तास. थिएटरातली तीन तास, पण तेही पडद्यावर काय चाललंय त्यावर कमी-जास्त. बँकेतल्या मोठ्या साहेबाची खुर्ची आठ तासांची, अर्थात साहेब मधूनमधून चहाला उठत असेल तरच. आयुष्यभर या माणसानं दुसरं केलं काय, तर लोकांच्या बसण्याची सोय. जुनं रेक्झिन फाडायचं, दबलेला फोम उपसून काढायचा, स्प्रिंगा ठोकून बघायच्या, गोणपाट ताणून बसवायचं आणि वाकड्या दाभणानं सगळं शिवून टाकायचं. घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची शेड होती, तेच दुकान. शेडच्या मागे फोमचे गठ्ठे ठेवायची बिनखिडकीची खोली, आणि तिच्या मागे घर. गल्लीत त्यांना खुर्चीवाले नाना म्हणत. फोमवरचा खड्डा बघून ते बसणाऱ्याचं वजन सांगत, तो कुठल्या अंगावर भार देतो ते सांगत आणि त्याचं कामात लक्ष आहे की नाही तेही सांगत. यातलं निम्मं खरं असायचं आणि निम्मं थाप. थापा मारण्यात नाना कुणाला हार जाणारे नव्हते, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आता अशा माणसाच्या नशिबी बायको कशी असावी? जिला बसता येत नाही अशी.

माईंना पूर्वी बसता यायचं, तासन्‌तास यायचं. मग एकदा माळ्यावरचं काहीतरी काढायला त्या स्टुलावर चढल्या, स्टूल कलंडलं आणि मणक्याचं ऑपरेशन झालं. चालता येत होतं, उभं राहता येत होतं, पण बसलं की तासाभरात डावा पाय लाकूड व्हायचा, कंबरेतून कळ निघायची आणि आडवं पडल्याशिवाय ती थांबायची नाही. म्हणून त्या उभ्यानं स्वयंपाक करायच्या, उभ्यानं जेवायच्या आणि पाहुणे आले की भिंतीला टेकून गप्पा मारायच्या. नव्या माणसाला वाटायचं, या बाई आपल्याला घालवायला उभ्या आहेत. नानांनी त्यांच्यासाठी खुर्चीमागून खुर्ची केली. मऊ केली, कडक केली, मधे खाच ठेवून केली. प्रत्येक खुर्ची शेवटी कुणाच्या तरी घरी गेली. "गावच्या सगळ्यांना बसवलंत, फक्त माझंच राहिलं," असं माई म्हणायच्या. चिडून नाही म्हणायच्या, पण नानांना ते लागायचं.

माईंची थोरली बहीण, म्हणजे ताई, मुलाबरोबर फार लांबच्या शहरात राहायला गेली होती. आई लवकर गेल्यामुळे माईंना न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईनंच केलेलं. दोघींत वर्षांचं अंतर फार नव्हतं, पण एकीनं आई व्हायचं ठरवलं की दुसरीला लेक व्हावंच लागतं. रोज संध्याकाळी फोन असायचा. इथं संध्याकाळ, तिथं सकाळ. आणि वर्षभरापासून या फोनची माईंना धास्ती वाटायला लागली होती, कारण ताई विसरत चालली होती.

सुरुवात वेळेपासून झाली. भरदुपारी ती झोपायचे कपडे घालून दिवे मालवायला लागली. सकाळी सकाळी रात्रीच्या जेवणाची ताटं मांडायची. मग माणसं जायला लागली. आधी शेजारी गेले, मग सुनेचं नाव गेलं, मग सूनच गेली. "ही कोण चांगली मुलगी येऊन काम करते," असं ती मुलाला विचारायची. धाकट्या बहिणीचा आवाज मात्र अजून शाबूत होता. फोन कानाला लावला की "धाकटे, कधी येतेस गं?" हे पहिलं वाक्य. त्यावर माई "येते हं लवकरच" म्हणायच्या आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

शेवटी भाच्यानंच एकदा स्पष्ट सांगितलं. "मावशी, यायचं असेल तर आता ये. अजून ती तुला ओळखते. पुढच्या वर्षीचं मी काही सांगू शकत नाही."

त्यानं विमानाची माहिती पाठवली. नानांनी चष्मा लावून वाचलं: सुटणार सकाळी दहा, पोचणार दुपारी एक, त्याच तारखेला. नाना उठूनच उभे राहिले. "अगं, तीन तास. थिएटरची खुर्ची. उगाच इतकी वर्षं घाबरलो आपण." तीन तासही माईंना झेपणारे नव्हते, पण तीनाचं काहीतरी करता आलं असतं. ही बातमी नाना शेजारच्या सलूनवाल्यालाही सांगून आले. मग त्यांनी भाच्याला फोन लावला, आणि तिकडून तो पोरगा हसला.

"काका, चौदा तास आहेत ते. साडेबारा हजार किलोमीटर अंतर आहे. इथली घड्याळं तुमच्या अकरा तास मागे, म्हणून कागदावर तीन दिसतात."

"म्हणजे आम्ही दहाला निघू तेव्हा तुमच्याकडे?"

"आदल्या रात्रीचे अकरा."

नाना मटकन खाली बसले. आपण किती शहाणे ते सलूनवाल्याला सांगून झालं होतं, आता जाऊन परत सांगायची सोय नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग माणसानं हे घड्याळ फिरवायचं कधी?"

"कधीही फिरवा. काही जण बसल्या बसल्या फिरवतात, काही जण उतरताना. विमानात खरी वेळ कुणाला ठाऊक असते?"

हे वाक्य नानांच्या डोक्यात जाऊन बसलं. पुढे जे झालं ते याच वाक्यानं झालं.

झोपून जायची खुर्चीही विमानात असते म्हणे, पण तिचं भाडं ऐकून नानांनी तो विषयच मिटवला. डॉक्टरांनी तपासलं आणि हात वर केले. "बसता आलं तर जा," म्हणाले. उठून दोन पावलं चालता येईल, पण विमानात आडवं पडायला जागा नाही. म्हणजे मुद्दा एकच राहिला: माईंना चौदा तास न पडता बसता येतं की नाही. नानांनी ठरवलं की येईल, सवय केली की येईल. पैलवान तरी काय करतो, रोज थोडं थोडं वाढवतो.

त्यांनी भाच्याकडून मापं मागवली: खुर्चीची रुंदी, हाताची उंची, पाठ किती मागे जाते, गुडघ्यासमोर किती जागा. भंगारात एका जुन्या बसची जोडखुर्ची मिळाली, ती कापून, ठोकून त्यांनी त्या मापाची केली. समोर आणखी एक पाठ उभी केली, म्हणजे गुडघे अडकायला हवे तसे अडकतील. सगळं मागच्या बिनखिडकीच्या खोलीत मांडलं. समोरच्या भिंतीवर शेडमधलं मोठं घड्याळ लावलं. माईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "एवढी अडचणीची खुर्ची तुम्ही जन्मात केली नसेल." नाना म्हणाले, "असल्या खुर्चीचे वर पैसे घेतात ते विमानवाले." त्या दिवशी दोघं खूप हसली. पुढे तसं हसू बरेच दिवस आलं नाही.

तालमीला माई नानांपेक्षा कडक निघाल्या. फोन बंद करून नानांकडे द्यायचा, कारण विमानात फोन चालत नाही. तासातून एकदा उठायचं, भिंतीपर्यंत जाऊन परत यायचं. आडवं पडलं की विमान उतरलं, तालीम संपली. शेजारचा प्रवासी हवा म्हणून सलूनवाला एकदा येऊन बसला. त्यानं पाय पसरले, मधला हात बळकावला आणि तोंड उघडं टाकून झोपी गेला. माई म्हणाल्या, हा अगदी खरा प्रवासी आहे, पण परत नको.

पहिल्या दिवशी तास आणि दहा मिनिटं झाली. मग दीड तास झाला. मग दोन. आणि दोनावर गाडी जी अडली ती पुढे सरकेचना. आठवडा गेला. दोन तास झाले की माईंच्या ओठावर घाम यायचा, त्या खुर्चीचा हात धरायच्या आणि म्हणायच्या, "उतरवा." एक दिवस त्या आडव्या पडल्या पडल्या रडल्या. "माझ्यानं नाही व्हायचं. ताईला सांगून टाका, धाकटी मेली म्हणून. विसरेल तरी लवकर."

नाना शेडमध्ये जाऊन बसले. हातात काम होतं, पण दाभण दोनदा बोटात गेलं. सगळ्या गावाला बसवणारा हा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला बहिणीपर्यंत बसवता येईना. त्यांचा जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवशी दुखण्याची गोळी घेऊन बसलेल्या माईंना खुर्चीतच डुलकी लागली. दहा मिनिटांचीच होती. नाना उठले आणि त्यांनी घड्याळाचा काटा हळूच चाळीस मिनिटं पुढे सरकवला. माई जाग्या झाल्या, समोर बघितलं. "अगं बाई, एवढा वेळ झोपले मी?" त्या दिवशी घड्याळाप्रमाणे त्या अडीच तास बसल्या. रात्री जेवताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की नानांना वाटलं, आपण जन्मात याहून चांगलं काम केलं नाही. फसवलं कुठं, धीर दिला. विमानात तरी घड्याळं कोण खरी ठेवतं?

खोट्याचं असं असतं, ते एकटं राहत नाही. उद्याच्यासाठी चाळीस मिनिटं पुरली नाहीत. मग डुलकी लागली की काटा तासभर पुढे जायचा, उठून भिंतीकडे तोंड केलं की आणखी पाव तास. तालीम झाली की माईंना थेट पडदे ओढलेल्या खोलीत नेऊन झोपवायचं, आणि त्यांचा डोळा लागला की घड्याळ परत जागेवर आणायचं. खरं म्हणजे माईंचं बसणंही वाढत होतं. हुरूप आला की अंगही ऐकतं. पण घड्याळ त्यांच्या कितीतरी पुढे धावत होतं. घड्याळात चार झाले, सहा झाले, आठ झाले. दहा तास झाले त्या संध्याकाळी माईंनी स्वतः भाच्याला फोन केला, "काढ रे तिकिटं. आता चार तासांचं काय एवढं?" भाच्यानं दोघांची तिकिटं काढली. आता खरं सांगायचं की तसंच रेटायचं, हे नानांना ठरवता येईना.

याच सुमारास माई गप्प राहायला लागल्या.

गल्लीच्या तोंडाशी शाळा होती. एकदा तालीम संपवून त्या पडल्या होत्या आणि बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला. त्यांनी विचारलं, "आज शाळा उशिरा सुटली का हो?" नाना म्हणाले, "असेल काहीतरी कार्यक्रम." दोन दिवसांनी परत तेच झालं, आणि नाना म्हणाले, "हल्ली जादा तास घेतात." मग एकदा त्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा शेडच्या दारातून ऊन थेट आत आलेलं होतं आणि घड्याळात संध्याकाळ होऊन गेलेली होती. त्या उन्हाकडे नुसत्या बघत राहिल्या. नानांनी घाईघाईनं शटर ओढलं.

त्यानंतर शाळेचं त्यांनी विचारलं नाही. नानांना वाटलं, चला, टळलं. चोराला कुत्रं भुंकायचं थांबलं की वाटतं ना, तसं.

एका सकाळी नाना दाढीला गेले तेव्हा सलूनवाला म्हणाला, "नाना, माई माझी परीक्षा घेतात का हो?"

"कसली?"

"रोज येतात, कधी कात्रीला धार लावायला, कधी सुटे मागायला. जाताना विचारतात, किती वाजले. माझं घड्याळ तर समोरच आहे. तरी माझ्या तोंडून ऐकतात आणि मग स्वतःशीच पुटपुटत जातात. परवा तर विचारलं, ही सकाळच ना?"

वस्तरा गालावर असल्यामुळे नाना हलले नाहीत. नाहीतर उठलेच असते.

घरी आले तर मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून माईंचा आवाज येत होता. फोनवर भाचा होता. तिकडे रात्र असताना त्या कधी फोन करत नसत. नाना दाराशी थांबले. चोरून ऐकायची त्यांना सवय नव्हती, पण पाय हलेनात.

"ताईचं अगदी पहिल्यांदा काय झालं होतं रे? नाही, नीट आठवून सांग. वेळच ना? दुपार की संध्याकाळ ते कळेनासं झालं, तेच ना?" मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. "तसंच होतंय मला. घड्याळात सात वाजलेले असतात आणि मला बाहेर चारचं ऊन दिसतं. शाळा सुटल्याचं ऐकू येतं. ते म्हणतात शाळा उशिरा सुटली, पण रोज कशी सुटेल? ते मला सांभाळून घेतात रे. त्यांना कळलंय, म्हणून तर सारखं पांघरूण घालतात." आवाज अडखळला. "काकांना यातलं काही बोलू नकोस. मला फक्त लवकर पोचव. नाहीतर आम्ही दोघी समोरासमोर बसू आणि कुणीच कुणाला ओळखणार नाही."

नाना तिथंच, दाराबाहेर काढून ठेवलेल्या फोमच्या गठ्ठ्यावर टेकले. चाळीस मिनिटांनी सुरुवात केली होती, आणि बाईची अक्कलच काढून घेतली आपण. ताईला रोगानं जे केलं ते धाकटीला नवऱ्यानं केलं. आता काय करायचं, हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही. तोंड उघडायला लागला. मनात आलं, सांगायचंच नाही, काटा फक्त फिरवायचा थांबवायचा, म्हणजे हळूहळू तिला बरं वाटेल. भेकड माणसाला नेमकी असलीच युक्ती सुचते. पण आतून माईंनी नाक पुसल्याचा आवाज आला आणि ते दार ढकलून आत गेले.

माई खुर्चीत बसल्या होत्या. बंद फोन मांडीवर होता.

"शाळा वेळेवरच सुटते," नाना म्हणाले.

माईंनी मान वर केली.

"घड्याळ मी पुढे करत होतो. तुझा डोळा लागला की. तू झोपलीस की परत मागे आणत होतो. तुझं डोकं ठीक आहे गं. माझं फिरलं होतं."

नाना बोलत राहिले, पहिल्या दिवशीपासून सगळं सांगितलं, मधे दोनदा तेच तेच सांगितलं. शेवटी माईंनी हात वर करून थांबवलं.

"परवा ऊन आलं होतं दारातून."

"चारचं होतं."

"दूधवाला आला तेव्हा मला वाटलं, रात्री कसा आला."

"दुपारीच आला होता. रोजच्या वेळेला."

"आणि त्या दिवशी मी दोनदा जेवले का, असं मला वाटलं होतं."

"नाही. एकदाच जेवलीस. रात्रीचं म्हणून ताट वाढलं तेव्हा तुला भूक नव्हती, कारण दुपारचं होऊन थोडाच वेळ झाला होता."

असं त्या एकेक विचारत गेल्या आणि नाना उत्तर देत गेले. हरवलेल्या वस्तू परत मिळाल्यावर माणूस मोजून घेतो, तशा त्या आपल्या दुपारी आणि संध्याकाळी मोजून घेत होत्या. सगळं जागेवर आल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. नानांना वाटलं, झालं, माफ केलं. तसं काही नव्हतं.

"मी रोज झोपताना ताईचं नाव घेत होते," माई म्हणाल्या. "सकाळी उठून पहिल्यांदा आठवतंय का बघायचे. मग तुमचं. तुमचं नाव विसरले तर तुम्हाला कसं वाटेल, याची मला काळजी. आणि तुम्ही काटे फिरवत बसला होतात."

नाना म्हणाले, "मला वाटलं, तुला धीर येईल."

"आला ना. धीर आला, अक्कल गेली." त्या उठल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "विमानात तुम्ही काय करणार होतात हो? तिथलं घड्याळ कसं फिरवणार होतात? मी आठव्या तासाला खाली लोळले असते तर?"

खरं सांगायचं तर हा विचार नानांनी केलाच नव्हता. रोजचा दिवस काढायचा, एवढंच ते करत आले होते.

त्या दिवशी माई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताट वाढलं, पण शब्द वाढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या भाच्यानं पाठवलेलं, कधीच न घातलेलं मनगटी घड्याळ बांधून मागच्या खोलीत आल्या. भिंतीवरचं घड्याळ काढायला लावलं. दार सताड उघडं ठेवायला लावलं, म्हणजे शेडमधलं ऊन कुठं सरकतंय ते दिसेल. मग खुर्चीत बसल्या आणि शेजारची जागा दाखवली. "बसा. आज तुम्हीही."

नाना बसले. तासाभरात त्यांची कंबर धरली. दोन तासांनी त्यांना स्वतःचे पाय कुठं ठेवावेत कळेना. आयुष्यभर खुर्च्या केल्या, पण इतका वेळ ते एका जागी कधी बसले नव्हते. काम उभ्यानं आणि उकिडव्यानं. त्यांनी माईंकडे बघितलं. त्या ओठ मिटून समोरच्या पाठीकडे बघत होत्या, दर तासाला भिंतीपर्यंत जाऊन येत होत्या. डुलकी येऊ दिली नाही. तिसऱ्या तासानंतर त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. चौथ्या तासाला नाना म्हणाले, "पुरे आता." त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका." पाचव्या तासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी त्या बसल्या. मग त्यांनी घड्याळ बघितलं, मनगट नानांसमोर धरलं आणि जमिनीवर आडव्या झाल्या.

पाच तास आणि चाळीस मिनिटं झाली होती. बाहेर शाळा भरलेलीच होती, सुटायची होती.

"एवढीच आहे मी," जमिनीवरून माई म्हणाल्या. "दहा नाही, चौदा नाही. पण हे तास माझे आहेत."

संध्याकाळी त्यांनी भाच्याला तसंच सांगितलं. थेट विमान आपल्याला जमणार नाही. पाच तासांच्या आत उतरवणारं काही असेल तर बघ. भाचा आधी वैतागला, मग शोधायला लागला. रस्ता निघाला. सरळ नव्हता, आडवाटेनं, दोन शहरांत उतरत, प्रत्येक ठिकाणी दोन दोन दिवस पडून राहत. साडेबारा हजार किलोमीटरचे तेरा हजारांच्या वर गेले, आणि चौदा तासांचे झाले पाच-सहा दिवस. शेवटचा टप्पा मात्र साडेपाच तासांचा होता. "तेवढं होईल," माई म्हणाल्या, आणि या वेळी ते खरं होतं.

फक्त त्या मार्गाच्या जागा तीन आठवड्यांनंतरच्या मिळाल्या. थेट विमानानं गेले असते तर आत्तापर्यंत पोचले असते, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही ते बोलत नव्हते. त्या तीन आठवड्यांत ताईच्या डोक्यातून मुलाचं नावही गेलं. भाच्यानं ते सहज सांगावं तसं सांगितलं आणि पुढे पटकन हवापाण्याचं बोलायला लागला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅगा दाराशी आल्या होत्या. नानांनी पाठीला लावायची एक छोटी उशी शिवली होती, ती माईंनी न बोलता हातातल्या पिशवीत टाकली. हेच नानांना पुष्कळ होतं. माईंनी फोन लावला आणि नानांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

पलीकडे भाचा म्हणाला, "आई, मावशी आहे," आणि मग नुसता श्वास ऐकू आला.

"ताई, मी धाकटी. उद्या निघते गं. थांबत थांबत येते, पण येते."

नानांनी दाराची चौकट धरली. मग ताईचा आवाज आला, पूर्वीसारखाच, मायेनं दटावणारा. "निघते काय निघते? कालच येऊन गेलीस ना."

माईंनी नानांकडे बघितलं.

"इथंच तर बसली होतीस माझ्याजवळ. दिवसभर बसलीस. मी म्हटलं, धाकटे, उठ, पाठ दुखेल तुझी. पण तू काही उठली नाहीस."

माईंचा हात कंबरेवर गेला. "नाही दुखली, ताई," त्या म्हणाल्या.

"बरं वाटलं बघ मला. परत ये हं कधीतरी."

"येते."

फोन बंद झाला. माई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि रडल्या, तोंड न लपवता. नाना जवळ गेले, पण हात लावायची त्यांची छाती झाली नाही. पुढचं विचारणं भाग होतं, म्हणून त्यांनी विचारलं.

"मग? जायचं ना आपण?"

माईंनी पदरानं तोंड पुसलं. "तिला वाटतं मी दिवसभर बसले होते. आता तेवढं बसून यायला नको?" त्यांनी मनगटावरचं घड्याळ नीट केलं, बॅगेची चेन ओढून बघितली. "आणि हे बघा. तिथं उतरल्यावर घड्याळ मागे करायचं असतं ना, ते मी करीन. तुम्ही हात लावायचा नाही."

"नाही लावणार," नाना म्हणाले, आणि शेडचा दिवा बंद करायला गेले.